निंजांची गल्ली, आबांचं जहाज

त्या मे महिन्यात जळगावच्या आमच्या गल्लीतली सगळी पोरं निंजा झाली होती. समोरच्या घरी, कापड दुकानवाल्या मारवाडी कुटुंबाकडे, व्हिडिओ आला होता आणि भाड्याने आणलेल्या दोन कॅसेटा पोरांनी पाठ होईपर्यंत पाहिल्या. एकीत काळ्या कपड्यांतले निंजा कौलांवरून पळायचे, दुसरीत समुद्री चाचे जहाजं लुटायचे. निंजा व्हायला काही लागत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस तसाही रुमालाने तोंड-कान गुंडाळूनच घराबाहेर पडतो. तोच रुमाल गडद रंगाचा घेतला की झालं. पुठ्ठ्याच्या चांदण्या कापायच्या, कंपाउंडच्या भिंतीवर चढायचं आणि खालून जाणाऱ्यावर फेकायच्या. चाचा व्हायला मात्र कुणी तयार नव्हतं. समुद्र नाही, जहाज नाही, आणि वर एक डोळा झाकायचा.

गल्लीत एक डोळा झाकलेलं एकच मूल होतं, माझी मुलगी. तिला कुणी खेळायला घेत नव्हतं.

ती तेव्हा सहा वर्षांची. वाचताना ती मान तिरकी करते, हे शाळेतल्या बाईंच्या लक्षात आलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डावा डोळा आळशी झालाय. डोळ्यात दोष नाही, पण मेंदूने त्याचं ऐकणं सोडलंय. म्हणून चांगला, उजवा डोळा रोज काही तास झाकायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. "आत्ता केलं तर सुधारेल. मोठी झाल्यावर आणलीत तर माझ्याही हातात काही राहणार नाही," असं ते म्हणाले होते. चिकटवायच्या पट्ट्या घामाने सुटायच्या, म्हणून बायकोने काळ्या कापडाची पट्टी शिवली, मागे इलॅस्टिक लावून.

आता जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, ते लिहितो.

संध्याकाळी मी मुलीला स्कूटरवर पुढे उभी करून बाजारात न्यायचो. पहिल्याच आठवड्यात भाजीवालीने विचारलं, "काय झालं हो पोरीच्या डोळ्याला? गेला का?" मग ऑफिसातला एक जण भेटला. तो मुलीकडे न बघता माझ्याकडे बघून हळहळला. "मुलीची जात..." एवढंच म्हणाला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी गल्लीचा कोपरा वळल्यावर मी स्कूटर थांबवली, तिची पट्टी काढली आणि शर्टाच्या खिशात घातली. घरी येताना पुन्हा बांधली. मग तसंच सुरू झालं. धुळ्याला, देवपुरात बहिणीकडे एकट्या मुलीला घेऊन गेलो की दिवसभर पट्टी खिशात. आणि पट्टी काढून द्यायची सवय लागलेली ती घरीही आईशी भांडायला लागली. "आईला सांगू नकोस हं," असं मी तिला बजावलं होतं. तिने खरंच सांगितलं नाही. सहा वर्षांच्या मुलीला मी लपवायला शिकवलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. डाव्या डोळ्यात काडीचा फरक नव्हता. डॉक्टर बायकोला म्हणाले, "बाई, पट्टी नीट घालत नाही ना तुम्ही?" ती खाली बघत राहिली. रिक्षात बसल्यावर पदर तोंडाला लावून म्हणाली, "मीच कमी पडले. माझं ऐकतच नाही ती." मी रिक्षाच्या बाहेर बघत राहिलो.

त्यानंतर आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. शिंदखेड्याजवळच्या गावी आमची थोडी शेती, ती तेच बघायचे. रान रिकामं झालं की महिनाभर नातीजवळ राहायला यायचे. आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी ते पाय मोकळे करायला गेले होते आणि मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यावर पट्टी काढत होतो. मागून आबांचा अहिराणी आवाज आला, "काय करी ऱ्हायना रे?"

"काही नाही आबा. घामाने ओली झाली होती."

आबांनी पट्टी हातात घेऊन बोटांनी चाचपली. ती कोरडी होती. ते मुलीला म्हणाले, "तुले टोचस का व, माय?"

"नाही टोचत. पण बाजारात बाबांना आवडत नाही."

आबांनी तिला पट्टी बांधली, कानामागचं इलॅस्टिक सारखं केलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "लाज तुले वाटस ना? मंग पट्टी तुले बांधू का?"

एवढंच. रात्री जेवताना त्या गोष्टीचा शब्द नाही. सूनबाईला सांगितलं नाही, मला पुन्हा टोमणा मारला नाही. मी मात्र भाकरीचा तुकडा मोडताना सारखा त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा ओट्यावर बसले होते ते उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधूनच. समोरच्यांच्या दुकानातून अस्तराचं कापड मागून आणलं होतं. भिंतीवरचे निंजा भराभर खाली उतरले.

"आबा, डोळ्याला काय झालं?"

"काही नही. मी समिंदरना चोर शे."

पोरं खो खो हसली. "आबा, समुद्र पाहिलाय का कधी?"

"नही. पन चोर भलता देखेल शेतस."

"मग जहाज कुठंय तुमचं?"

आबांनी कडुलिंबाखाली बोट दाखवलं. केळीवाला दुपारचा तिथे रिकामी हातगाडी लावायचा आणि गाडीखालीच सावलीत झोपायचा. एक निंजा वाकून म्हणाला, "आबा, जहाजाखाली माणूस आहे!"

"तो मासा शे. झोपू दे त्याले."

मग आबांनी नातीला उचलून हातगाडीवर उभं केलं. कप्तान कोण, असा वाद निघायच्या आतच निकाल दिला. "कप्तान ही. हिनी पट्टी डाक्टरनी दियेल शे. आपली दुकानमाधली."

त्या वाक्याने गल्लीत काय झालं ते मी ऑफिसातून परतल्यावर पाहिलं. डॉक्टरची पट्टी म्हणजे खरी पट्टी! पोरं तिला हात लावून बघत होती. संध्याकाळपर्यंत निम्मे निंजा फितूर झाले होते. कापड दुकानवाल्यांचा मुलगा घासाघीस करत होता, "आबा, मी अर्धा दिवस निंजा, अर्धा दिवस चाचा, चालेल?" आबा म्हणाले, "चालस. पन अर्धा पगार."

दोन दिवसांनी एक शेजारीण तणतणत आली. आमच्या पोरांचे चांगले डोळे बिघडवता काय, म्हणाली. बायको घाबरली. आबांनी तिथल्या तिथे नियम केला. खलाशांनी थोडा वेळ हा डोळा, थोडा वेळ तो झाकायचा, आणि खेळ संपला की पट्टी खिशात. कप्तानाची पट्टी मात्र हलायची नाही. ती हलली तर जहाज बुडालं. आता पट्टी जागेवर ठेवायला माझी मुलगी एकटी नव्हती, सगळी गल्ली राखण करत होती. पट्टी जरा सरकली की दहा तोंडं ओरडायची, "कप्तान, जहाज बुडतंय!" आणि ती घाईघाईने सारखी करायची.

आबा तिला टेहळणीचं काम द्यायचे. हातगाडीवर बसल्या बसल्या विचारायचे, "भितवर किती शेतस?" पहिल्या दिवसांत भिंतीवर पाच निंजा असायचे आणि ती म्हणायची दोन. त्या दोघांतला एकजण तर वाळत घातलेली सतरंजी असायची. पोरं हसली की आबा त्यांना दटावायचे, "सतरंजी बी निंजाच शे. लपी बठेल शे." तिला दिसेपर्यंत ते थांबायचे. एकदा सुटीच्या दिवशी मी खिडकीत दाढी करत होतो. बाहेरून तिचा आवाज आला, "चार! आणि एकाच्या हातात चांदणी आहे, डाव्या हातात!" मी वस्तरा खाली ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. चार होते. चांदणी डाव्या हातात होती.

मला त्यानंतर पट्टी काढायचं धाडस झालं नाही. बाजारातही ती बांधूनच यायला लागली. भाजीवालीने पुन्हा विचारलं तेव्हा मी काही बोलायच्या आत मुलीनेच सांगून टाकलं, "मी कप्तान आहे." भाजीवालीने तिच्या हातावर एक छोटी कैरी ठेवली आणि म्हणाली, "घे कप्तान, जहाजावर खा."

पेरणी जवळ आली तसे आबा गावी परतले. नंतरच्या तपासणीला ते नव्हते. अंधाऱ्या खोलीत मुलीने डाव्या डोळ्याने तक्त्यावर मागच्यापेक्षा दोन ओळी खालचं वाचलं. डॉक्टर खूश झाले. "बाई, यावेळी मेहनत घेतलीत तुम्ही."

"सासऱ्यांनी घेतली," बायको म्हणाली.

त्या खोलीत खरं सांगायची वेळ होती. मी तोंड उघडलंही. आणि म्हणालो, "पुढच्या वेळी केव्हा यायचं?"

पुढे दीड-दोन वर्षं पट्टी चालली. निंजा आणि चाचे दोन्ही मागे पडले, क्रिकेट आलं, पण पट्टीची लाज कुणाला राहिली नव्हती. आज तो डोळा चष्म्याने जवळजवळ उजव्याइतकाच बघतो. मुलगी गाडी चालवते, सुईत दोरा ओवते. आबा जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यांच्या हयातीत मी त्यांना एकदाही नीट म्हणालो नाही, की आबा, तुम्ही पोरीचा डोळा वाचवलात. आमच्यात तसं बोलायची रीत नव्हती, असं म्हणून मी सुटलो.

बायकोला सगळं सांगितलं ते आत्ता, यंदा. ती मेथी निवडत होती. मी कोपऱ्यावरची स्कूटर सांगितली, देवपूर सांगितलं, मुलीला बजावलेलं सांगितलं. ती निवडत राहिली. पुढची जुडी ओढून म्हणाली, "रिक्षात सांगायचं होतंत."

"हो."

"मी रडत होते."

"हो. मला वाटतं, इतकी वर्षं तू ते मनात घेऊन..."

"नाही हो," ती म्हणाली. "मी कुठे घेऊन बसले? त्या वर्षी गावी जाताना आबा बसस्टँडवर मला म्हणाले होते, 'माय, पोरना डोयाना बाबत तुना काही दोष नही. मी देखेल शे.' काय देखलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण माझ्या मनावरचं उतरलं. गाडी सुटली तेव्हा मी हसत होते, तुम्हीच म्हणालात, सासरा गेला आणि हसतेस काय."

मला ते आठवत नव्हतं. मी तिला म्हटलं, आबा काय म्हणाले ते पुन्हा एकदा सांग, त्यांच्या शब्दांत.

तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि सांगितलं.