हळदीच्या दिवशी आलेला कंपाउंडर

लोणावळ्याच्या त्या दवाखान्यातला कंपाउंडर औषधाच्या बाटलीवर चिकटवायची कागदाची पट्टी डोसागणिक खाचा पाडून कापायचा आणि प्रत्येक खाचेला मान हलवायचा. तरण्या पोरांना तो 'गड्या' म्हणायचा. नाव कधी विचारायचा नाही.

मी तेवीस वर्षांचा होतो. कारखान्यातल्या मित्रांबरोबर पिवळी पुस्तकं वाचायचो आणि वाचलेलं करून बघायला पगाराच्या दिवशी पुण्यात नको त्या वस्तीत जायचो. व्हायचं तेच झालं, रोग जडला. एके दिवशी मी त्याच्यापुढं मान खाली घालून उभा राहिलो.

"पुस्तकात समदं लिवत्यात," तो म्हणाला, "ह्यो दवाखाना तेवढा लिवत न्हाईत. व्हय ना, गड्या?"

डॉक्टरांनी दहा इंजेक्शनं सांगितली होती. चौथ्यालाच बरं वाटलं आणि मी जायचं बंद केलं. लग्न ठरलं होतं, तारीखही त्याच्यापाशी बोलून गेलो होतो.

हळदीच्या दिवशी तो दवाखान्याच्या वहीतला पत्ता शोधत, सायकल मारत मळवलीला आमच्या दारात आला. मला मांडवाबाहेर घेऊन म्हणाला, "गड्या, लगीन पुढं ढकल. आदी सुया पुऱ्या कर." मी त्याच्या हातावर बुंदीचा लाडू ठेवला आणि त्याला वाटेला लावलं.

वर्षाच्या आत बायकोला घेऊन त्याच दवाखान्यात गेलो. त्यानं पट्टी कापली, पण मान हलवली नाही. औषध कधी घ्यायचं ते तिला दोनदा समजावलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बसा, साहेब."

त्यानं मला पुन्हा कधीच 'गड्या' म्हटलं नाही.