लाल चांदणीचा रकाना

रत्नागिरीत मी आणि माझी पार्टनर मंजिरी लोकांच्या कामासाठी कॉम्प्युटरचे स्क्रीन बनवतो. माहिती कुठे भरायची, कुठे वाचायची, कमी क्लिकमध्ये काम कसं उरकायचं, एवढाच आमचा धंदा. जुने स्क्रीन आम्ही पुसून टाकतो, त्यांच्यापायी झालेले किस्से मात्र साठतच जातात. त्यातले निम्मे लांज्याच्या एका दवाखान्याचे आहेत, आणि ते सगळे नलूताईंचे.

नलूताई तिथल्या काउंटरवर पंचवीस वर्षं केसपेपर काढतायत. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी अट घातली, "महिनाभर वापरून बघू. नलूताई हो म्हणाल्या तरच घेणार." पुण्याची नोकरी सोडून आल्यावरचं माझं हे पहिलं मोठं काम. ते गेलं असतं तर बॅग भरून परत पुणं. आणि नलूताई तर हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

*

पहिल्या संध्याकाळी नोंदी उघडल्या. नावाच्या रकान्यात ताप, कंबर, खोकला, आणि एके ठिकाणी 'मागचीच गोळी द्या'.

मंजिरीने जपून विचारलं, तर नलूताई शांतपणे म्हणाल्या, "माणूस आत येतो तो आधी दुखणं सांगतो गो. नाव मागून विचारायचं."

त्यांचं रजिस्टर मागून घेतलं. पहिला रकाना दुखण्याचा, नाव तिसरं. डिझाइन शिकायला मी चार वर्षं घातली होती, तिथे हे कुणी सांगितलं नव्हतं. मुकाट्याने स्क्रीन रजिस्टरसारखा लावला.

*

मग डॉक्टरांना एका जुन्या पेशंटचा रिपोर्ट हवा होता. नाव टाकलं, त्याच नावाचे अकरा जण निघाले. मी ऐटीत म्हटलं, जन्मतारखेने शोधू. अकरापैकी सात जणांचा जन्म एक जूनचा! शाळेत नाव घालताना गुरुजींनी केलेली कृपा, दुसरं काय.

नलूताईंनी मान वर न करता सांगितलं, "वाडी टाक ना."

वाडी टाकली. एकच उरला.

*

मोबाईल नंबरच्या रकान्यावर मी लाल चांदणी लावली होती. नंबर भरल्याशिवाय स्क्रीन पुढे सरकायचाच नाही. तपासणीची तारीख जवळ आली की त्या नंबरवर पेशंटच्या नाव-गावासकट आठवणीचा मेसेज जायचा. नलूताईंनी एकदाच विचारलं, "आणि ज्यांच्याकडे फोन नाय ते?" मी म्हटलं, हल्ली सगळ्यांकडे असतो. त्यांनी पुढचा केसपेपर ओढला.

महिना संपला. डॉक्टर जाम खूश. साखर तपासायला कधीच वेळेवर न येणाऱ्या आतल्या गावांतल्या म्हाताऱ्या ठरल्या दिवशी हजर होत होत्या. ही तुमच्या मेसेजची कमाल, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात यादी चाळणारी मंजिरी थबकली. एकेचाळीस पेशंटचा मोबाईल नंबर एकच होता. तिने तो लावला आणि काउंटरवर नलूताईंचा फोन वाजला.

चांदणी पुढे जाऊ देईना, म्हणून बाईंनी स्वतःचा नंबर भरला होता. रोज घरी जाताना त्या एसटी स्टँडवर थांबायच्या, आणि ज्या गावचा मेसेज आला असेल त्या गावच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप द्यायच्या. महिनाभर.

माझी मान खाली गेली. काम गेलंच, असं धरून मी म्हटलं, चांदणी आजच काढतो.

"राहू दे चांदणी," नलूताई म्हणाल्या. "मेसेजात फक्त वाडी घाल. कंडक्टर विचारतो."