हायड्रोजनची चौथी रेघ

आमच्या फिजिक्स लॅबचे किस्से म्हणजे माळ्यावरची भांडी. एक ओढलं की चार खणखणत खाली!

मध्यभारत मोडून मध्य प्रदेश झाला, ग्वाल्हेरची राजधानी गेली आणि ऑफिसं ट्रक भरभरून भोपाळला निघाली. आमचा एम.एस्सी.चा वर्गही जाणार, अशी आवई उठली. आमचे मुळेसर एवढंच म्हणाले, "वर्ग हलणार नाही. चला, हायड्रोजन काढा!"

*

सरांनी सगळ्यांना कॉलेजच्या जिन्यावर उभं केलं. "इलेक्ट्रॉन पायरीवरच राहतो. अधेमधे नाही."

मुरार भागातून येणारा जाधव म्हणाला, "और सर, बीच में पाय ठेवला तर?"

"ठेवून दाखव."

जाधव गडगडत थेट तळाला. सर वरून ओरडले, "ग्राउंड स्टेट! सगळ्यात खालची पायरी!" मग हळहळत म्हणाले, "अणूतल्या खऱ्या पायऱ्या वर जाताना जवळजवळ येतात रे. पी.डब्ल्यू.डी.ला ते जमलं नाही."

*

भोपाळला बदली झालेले माझे काका सामान बांधत होते. मी ज्ञान पाजळलं, "काका, इलेक्ट्रॉन वर चढताना ऊर्जा घेतो आणि खाली येताना प्रकाशाच्या रूपात परत करतो."

"परत करतो?" काका दोरीला गाठ मारत म्हणाले, "मग सरकारी नोकर नव्हे तो!"

*

हायड्रोजनच्या नळीत वीज सोडली की इलेक्ट्रॉनच्या काही उड्यांच्या रंगीत रेघा लोलकापलीकडच्या दुर्बिणीतून दिसतात. पण त्याला अंधार लागतो. सर ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात काळं कापड घ्यायला गेले.

दुकानदाराने विचारलं, "साहब, राजधानी के लिए काले झंडे?"

"नहीं भाई, हाइड्रोजन के लिए."

दुकानदार हादरला. "वो भी भोपाल जा रहा है?"

*

शेवटी वर्गाचा निकाल लावायला भोपाळहून शिक्षण खात्याचे साहेब आले. दुर्बिणीला डोळा लावून म्हणाले, "एक लाल, एक नीली. बस."

"तीसरी है. जामुनी," सर म्हणाले.

"नहीं है. मेरी गाड़ी का टाइम हो रहा है."

सर दारात जाऊन उभे राहिले. "आँख को अँधेरे की आदत होने दीजिए. है."

हा माणूस चिडला तर आमचा वर्ग गेलाच! बाहेर चपराशी दोनदा खोकला. साहेब हलेनात. अखेर हळूच म्हणाले, "हाँ... है! मुळे साहब, चौथी भी होती है?"

सरांनी खटकन बटण बंद केलं.

"होती है. अगले साल की क्लास को दिखाऊँगा."

"इसी कमरे में?"

"इसी कमरे में!"

मिट्ट काळोखातून साहेबांचा आवाज आला, "तो अगले साल फिर आना पड़ेगा!"