रविवारी साक्ष द्यायची होती

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायची एक ठरलेली पद्धत आहे. गाणी झाली की पाळकसाहेब विचारतात, आज कुणाची साक्ष आहे? मग कुणीतरी उठतं, पुढं जातं, माइकवर दोनदा टकटक करतं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. ताप उतरला, मुलगी पास झाली, भाऊबंदकीतला वाद मिटला. सगळे आमेन म्हणतात आणि पुढचं गाणं सुरू होतं. जालन्याकडच्या आमच्या गावात मी लहानपणापासून हेच बघत आले. कोर्टातही साक्ष असते हे काय मला माहीत नव्हतं? होतं. पण रविवार म्हटल्यावर तो अर्थ माझ्या डोक्यात येतच नाही. आणि त्यापायी सुरतेत माझ्या नवऱ्याचा पाय पणाला लागला.

आम्ही नवागामला राहतो, चाळीतल्या एका खोलीत. हे बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर होते. त्या मशीनमध्ये कापड बंद झाकणाखाली उकळत्या रंगाच्या पाण्यात फिरतं. त्या दिवशी आतला दाब उतरायच्या आधीच कुणीतरी घाई केली, झाकण उघडलं आणि सगळं पाणी यांच्या पायांवर आलं. डावा पाय थोडक्यात सुटला. उजवा गुडघ्याखाली सोलून निघाला.

मी दवाखान्यात पोचले तर ठेकेदार आधीच दारात उभा. मिलला माणसं पुरवणारा हाच, त्यामुळे कुणाला कामावर ठेवायचं नि कुणाला घरी बसवायचं ते याच्याच हातात. त्यानं मला बाजूला घेतलं. "भाभी, इलाज पूरा मेरी तरफ से. बस, मिल का नाम नहीं आना चाहिए. घर में जले, इतना ही बोलना."

घरात कसे भाजले, तेही त्यानं रचून ठेवलं होतं. म्हणे मी उकळतं पाणी उतरवून वाटेत ठेवलं आणि हे अर्धवट झोपेत त्यात पडले. म्हणजे फुकटात दोष माझ्या माथी! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण आतून यांचं ओरडणं ऐकू येत होतं. मी मान डोलावली.

त्यानंतरचे दोन महिने मी काय काय ऐकून घेतलं ते माझं मला ठाऊक. चाळीत कुणी काही बोलत नव्हतं. चाळीतले निम्मे पुरुष त्याच मिलचे, त्यांना खरं माहीत होतं आणि ते तोंड शिवून बसले होते. पण गावाहून सासूबाईंचा फोन यायचा. "अगं, उकळतं पाणी असं वाटेत ठेवतं का कुणी? माझ्या लेकराचं वाटोळं केलंस." मी नुसतं हं हं करायचे. आणि मंडळीतल्या बायका! आमची मंडळी दिंडोलीला एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये भरते, तिथं मिलचं कुणी येत नाही, त्यांना ही पाण्याची गोष्टच खरी वाटलेली. "होतं हो असं, घाईगडबडीत लक्ष राहत नाही," म्हणून पाठीवरून हात फिरवायच्या. तो हात झटकून टाकावा असं वाटायचं.

देवावर तर मी पक्की रुसले होते. रविवार चुकवला नाही, पण बसायचे शेवटच्या रांगेत आणि गाण्याला तोंड उघडायचे नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की एकच यायचं, तुला दिसतंय ना सगळं? मग गप्प का बसलास? पुढं काही सुचायचंच नाही. इतकी वर्षं भिंतीशीच बोलत होतो की काय आपण, अशी भीती वाटायची. तरी पुढच्या रविवारी मी परत जिना चढायचे. का, ते विचारू नका. घरी बसून बघितलं एकदा अर्धा तास, नाही बसवलं.

यांची जखम भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून पायाला लावावी लागेल, उशीर केला तर पाय सडायला लागेल. पुढचा सोमवार ठरला. खर्च अर्थातच ठेकेदार बघणार होता.

नेमकं त्याच्या आठ दिवस आधी, रविवारी, पाळकसाहेबांनी मला जिन्यात गाठलं. "ताई, पुढच्या रविवारी तुम्ही साक्ष द्या."

"कसली साक्ष देऊ?" मी तिथंच भडकले. "पाय बरा झालाय का?"

"बरं झाल्यावर सगळेच देतात. तुम्ही अजून येताय, त्याची द्या."

बरं म्हटलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या मावशी भेटल्या. खानदेशातल्या, बोलायला मोठ्या गोड. यांचा पाय भाजला तेव्हापासून रोज एक वाटी भाजी त्यांच्याकडून येत होती. त्यांचा नवराही त्याच मिलमध्ये. म्हणाल्या, रविवारी बारडोलीला भाचीचा साखरपुडा आहे, चल, तेवढंच तुला बरं वाटेल. मी म्हणाले, "नाही हो मावशी, रविवारी मला साक्ष द्यायचीय."

त्यांची बादली भरून वाहायला लागली तरी त्यांचा हात नळाकडं जाईना. "माय व! तू कसाले पडस या लफडामा?"

मला वाटलं, त्यांना आमच्या चर्चचं काही कळत नाही म्हणून घाबरल्या. मी हसले. "लफडं कसलं त्यात? दोन मिनिटांचं काम. उभं राहायचं, जे खरं ते सांगायचं, खाली बसायचं."

मावशी अर्धी बादली सांडत घरात गेल्या.

पुढच्या दिवशी यांना रिक्षात घालून पट्टी बदलायला नेलं तर दवाखान्यातला माणूस म्हणाला, आज पट्टी होणार नाही, ठेकेदाराशी बोला. का? तर माहीत नाही. हातापाया पडले, उपयोग झाला नाही. जुनीच पट्टी घेऊन परत आलो. तिला वास यायला लागला होता. ठेकेदार फोन उचलेना. आपलं काय चुकलं हेही कळेना.

संध्याकाळी तो स्वतःच आला. यांच्या खाटेकडं न बघता खुर्चीत बसला. "सुना है संडे को साक्षी देनेवाली हो."

"हो," मी म्हणाले. अजूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

"किसके सामने?"

"देवासमोर. अजून कुणासमोर?"

त्याला वाटलं मी त्याची टर उडवतेय. चेहराच बदलला त्याचा. म्हणाला, कोर्टात जायचं असेल तर खुशाल जा, मग सोमवारचं ऑपरेशनही तिथंच करून घ्या. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. हात मेल्या, हे प्रकरण होतं तर! मला हसू आवरेना. हसत हसत मी त्याला समजावलं, आमच्यात साक्ष म्हणजे असं असं असतं, त्यात पोलीस नाही, कोर्ट नाही, काही नाही. मावशींच्या नवऱ्यानं भीतीपोटी त्याला सांगितलं असणार हे माझ्या लक्षात आलं, पण मी त्यांचं नाव काढलं नाही.

तो हसला नाही. मग म्हणाला, "अच्छा है. तो वही बोलो वहाँ. घर में जले, पानी से जले, ऊपरवाले ने बचा लिया. पूरी मिल में फैल गया है कि तुम मुँह खोलनेवाली हो. अब सबके सामने खोलो और बात खतम करो. मेरा आदमी पीछे बैठेगा."

"आणि मी गेलेच नाही तर?"

"तो मैं समझूँगा कि कोर्टवाली बात ही सच थी." उठताना त्यानं पहिल्यांदा यांच्या पायाकडं पाहिलं. "कल पट्टी करवा लेना. मंडे का मैं देख लूँगा. संडे के बाद."

तो गेल्यावर मी यांच्याकडं वळले. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं होतं. मी म्हणाले, "मी सांगणार आहे तो म्हणतो तसं. पाय पाहिजे ना आपल्याला?" त्यांनी चादर तोंडावर ओढली. मला राग आला. निदान नको म्हणा, नाहीतर हो म्हणा. सगळं माझ्यावरच का?

दवाखान्यात खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नव्हती. तिथं सगळेच कुणाला ना कुणाला भिऊन बोलत होते. पण हे वेगळं होतं. खोटी साक्ष द्यायची नाही, ही देवाची आज्ञा मी बोलायला लागले तेव्हापासून माझ्याकडून घोकून घेतलेली. आणि आता हातात माइक धरून, देवाच्या नावानं, त्याच्याच घरात खोटं बोलायचं! मी घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. शनिवारी दिवसभर हात चालू होते आणि मनात तेच वाक्य. घरात पाणी सांडलं, देवानं वाचवलं. खडे वाकडेतिकडे लागत होते. एकदा तर मी मोठ्यानं म्हणाले, "मला दुसरा रस्ता दाखव, नाहीतर उद्या मी तुझ्या तोंडावर खोटं बोलणार आहे." काही झालं नाही. खालून भाजीची गाडी ओरडत गेली.

रविवारी सकाळी हे म्हणाले, मीपण येतो. मी म्हणाले, वेड लागलंय का, जिना कोण चढणार? पण ऐकेनात. साखरपुड्याला निघायच्या आधी मावशींच्या नवऱ्यानं मान खाली घालून यांना रिक्षात बसवलं. दिंडोलीला मंडळीतल्या चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि पहिल्या रांगेच्या कडेला ठेवलं. शेवटच्या रांगेत, माझ्या नेहमीच्या जागेवर, ठेकेदाराचा माणूस बसला होता. मोबाइल छातीशी उभा धरलेला. कुणीतरी त्याला गाण्याचं पुस्तक आणून दिलं, तेही त्यानं गुपचूप मांडीवर ठेवलं.

पाळकसाहेबांनी विचारलं, आज कुणाची साक्ष आहे? मी उठले. माइकवर टकटक करायचंही भान राहिलं नाही.

"तुम्हाला माहीतच आहे," मी म्हणाले, "यांचे पाय भाजले. देवानं जीव वाचवला." मागं मोबाइल जरा वर गेला. "त्या दिवशी घरात… मी पाणी…"

"थांब," हे म्हणाले.

मोठ्यानं बोलायची यांना सवय नाही. पण हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"तिनं पाणीबिणी काही ठेवलं नव्हतं. मी मिलमध्ये भाजलो. मशीनचं झाकण उघडलं आणि पाणी अंगावर आलं. ही तर तेव्हा साड्यांचा माल आणायला गेली होती. माझं औषधपाणी बंद होऊ नये म्हणून हिनं सगळं आपल्या अंगावर घेतलं. दोन महिने तुम्ही हिला बोललात, माझी आई बोलली, आणि मी पडल्या पडल्या ऐकत राहिलो." त्यांनी श्वास घेतला. "साक्ष तिची नाही. माझी आहे."

कुणी आमेन म्हणालं नाही. आणि माझं डोकं असं फिरलं म्हणता! हातात माइक आहे हेही विसरले. "अहो, कळतं का काही? उद्या ऑपरेशन आहे तुमचं! पाय सडेल ना! कुणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये पडायला?" सगळ्या हॉलभर माझाच आवाज घुमला. ठेकेदाराचा माणूस उठला आणि फोन कानाला लावत जिना उतरला. मी तिथंच खाली बसले नि ढसाढसा रडले. कशासाठी, ते धड सांगता यायचं नाही. पाय तर गेल्यात जमा होता. पण दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं होतं.

सोमवारी त्या दवाखान्यानं आम्हाला आत घेतलं नाही. तिथूनच सरकारी दवाखाना गाठला. केसपेपरवाल्यानं विचारलं, मी मिल म्हणून सांगितलं. त्यांनी दाखल करून घेतलं, पण ऑपरेशनचा नंबर लागेपर्यंत दिवस गेले आणि तोवर व्हायचं ते झालं. कातडी लावली, पाय राहिला, पण तीन बोटं काढावी लागली. मिलची नोकरी गेली ती गेलीच. सासूबाईंना यांनी फोनवर सगळं सांगितलं. मग मी फोन घेतला तर नुसते हुंदके ऐकू येत राहिले. मंडळीतल्या बायका आळीपाळीनं डबा आणायच्या आणि न बोलता भांडी घासून न्यायच्या.

बोटं काढली त्या दिवशी दुपारी मी यांच्या खाटेपाशी बसले होते. हे गुंगीत होते. मी डोळे मिटले आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटले, चांगलं ऐकू जाईल असं. खरं बोललो ना आम्ही? मग? हे असं? बोटं पाहिजे होती तुला? काय करणारेस त्यांचं? मी काही इथून उठून जाणार नाहीये, तू कितीही गप्प बस. रोज बोलणार, रोज विचारणार.

शेजारच्या खाटेजवळ एक गुजराती बाई आपल्या नवऱ्याला घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "बेन, कोनी साथे झघडो छो?"

"देवाशी भांडतेय," मी म्हणाले. "आमच्या देवाशी."

तिनं मान हलवली, तिला ते काही विशेष वाटलं नाही. "सांभळे छे?"

गुजरातीत सांभळवुं म्हणजे ऐकणं. एवढी वर्षं सुरतेत काढली, मला काय हे माहीत नाही? ऐकतो का, एवढंच ती विचारत होती, आणि ऐकतो का म्हटल्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण त्या दुपारी माझ्या कानानं ते मराठीच धरलं. सांभाळतो का?

"हो," मी म्हणाले.

तोंडातून गेल्यावर मला कळलं, मी काय बोलले ते. परत घ्यावंसं वाटलं नाही.