देवाजी मुकादमांचा उजेड

देवाजी मुकादम गोदामात आले की आधी मांजरीला उचलत आणि तिच्या डोळ्यांत पाहत. बिडी त्यानंतर, हमालांना शिव्या त्याच्याही नंतर. वाडीच्या त्या धान्याच्या गोदामात मी बाहत्तर साली कारकून म्हणून लागलो, तेव्हा मला हा म्हाताऱ्याचा चाळाच वाटला.

“हे पाह्य बाबू,” ते म्हणत, “भर दुपारी मनीच्या डोळ्याची बाहुली कशी रेघेसारखी! ढग आले का बदामाएवढी होते. अन् गोल गरगरीत झाली का समज, उजेड सरला. मंग थप्पीवर कोनी चढाचं नाही गा.”

पोत्यांच्या थप्प्या वीस-वीस फुटांच्या. दोन थप्प्यांमध्ये फळी टाकलेली असे. देवाजी पुढे जाऊन जागा दाखवत, मागून हमाल पाठीवर पोतं घेऊन येत. बाहुली गोल झाली की काम बंद; मॅनेजरने कितीही आदळआपट केली तरी.

एका संध्याकाळी ते भिंत चाचपत दारापर्यंत गेले, तेव्हा मला खरं कळलं. देवाजींना रातांधळेपणा होता.

“उजेड कमी होऊन राहिला हे मले समजतच नाही. एकदम पडदाच पडते. म्हून तिचे डोळे पाह्यतो. कोनाले सांगू नको, नोकरी जाईन. दोन पोरी शिकून राहिल्या.”

मी शब्द दिला. तो पाळताना मला स्वतःचं कौतुकही वाटत असे.

श्रावणातल्या एका दुपारी आभाळ काळंभोर झालं होतं आणि वीज सकाळपासून गेली होती. दाराशी एक ट्रक येऊन थांबला. त्याचे दिवे सरळ आत पडले, आणि त्या झोतातच मनी बसली होती. तिची बाहुली अगदी रेघ.

“लय उजेड हाय अजून!” देवाजी शिडी चढले. मागे शेषराव हमाल, पाठीवर पोतं.

ते फळीवर पोचले आणि ड्रायव्हरने दिवे मालवले. आम्हाला अंधुक दिसत होतं. देवाजी मात्र जागच्या जागी थिजले.

“चला ना मुकादम, मान मोडून राहिली!” शेषराव मागून ओरडला.

ओरडावं तर सगळ्यांसमोर गुपित फुटणार, मॅनेजर तर दारातच उभा. मी गप्प राहिलो. देवाजींनी पाय उचलला, तो फळीच्या बाहेर गेला.

“हलू नका! शेषराव, धर त्यांना, त्यांना दिसत नाही!” मी शेवटी ओरडलो.

शेषरावने पोतं खाली लोटून दिलं आणि त्यांचा दंड पकडला. पोतं फुटून गहू भिंतीपर्यंत पसरला. दुसऱ्याच दिवशी देवाजींना कामावरून काढलं.

मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला खाटेवर बसवलं, चहा दिला.

“वरडला ते बरं केलं गा,” ते म्हणाले. “पन माह्या मांगं शेषराव होता. त्याले बी लेकरं हायेत. तू थांबला काहून?”