माझे बिनवाक्याचे कलाकार

मंडळाच्या जेवणानंतर दुसऱ्यांचे डबे आपल्या घरी साठत जातात ना, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. परत कोणाला करायचे, तेही कळत नाही!

सोमवार ते शुक्रवार मी आइंडहोव्हन या डच शहरात चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करतो. शनिवार-रविवार मात्र टॅलेंट एजंट! लंडनची एक कंपनी इथे सिरियल्स शूट करते, तिला भारतीय चेहरे मी पुरवतो. नोकरी सोडून हेच करावं, हे माझं स्वप्न. पण माझ्या एकाही कलाकाराला कधी एक वाक्यसुद्धा मिळालं नव्हतं. अशा एजंटला कोण विचारतो?

*

आमच्या समीरला प्रेताचं काम मिळालं. त्याने पुण्याला फोन केला, "आई, सगळा सीन माझ्याभोवतीच आहे!"

"अरे वा! मग तू बोलतोस काय?"

त्याने फोन माझ्या हातात दिला.

*

एकदा लग्नाच्या पंगतीचा सीन होता. "जेवल्यासारखं करा," असं मी सगळ्यांना बजावलं होतं. कॅमेरा लागेपर्यंत ताटं साफ!

मी चिडलो, तर देशपांडे वहिनी म्हणाल्या, "अहो, वाढलेल्या ताटाकडे नुसतं बघत बसायचं? ही काय पद्धत झाली?"

*

जोगळेकर काका म्हणजे माझा हुकमी एक्का. रिटायर्ड इंजिनिअर, रुबाबदार. द हेगच्या शूटिंगला ते न्यायाधीश म्हणून नुसते बसले होते. लंडनच्या कास्टिंगवाल्या हेलनबाईंनी विचारलं, "एक वाक्य बोलाल का?"

काका लाजून म्हणाले, "नो नो, कशाला? राहू द्या."

"ओके," म्हणत बाईंनी ते वाक्य शेजारच्याला दिलं!

परतताना ट्रॅममध्ये काका घुश्श्यात. "अरे, माणसाला पुन्हा विचारायची काही रीत?"

"काका, इथे पाहुण्यांपुढे बिस्किटांचा डबासुद्धा एकदाच फिरतो!"

*

मग आमच्या घरी तालमी सुरू झाल्या. बायकोने चकल्यांची बशी पुढे करायची आणि काकांनी पहिल्याच वेळी "येस, प्लीज!" म्हणायचं. पहिल्या दिवशी काका उपाशी गेले. शेवटी शेवटी मात्र बशी स्वयंपाकघरातून निघायच्या आतच येस यायला लागलं.

*

पुढच्या शूटिंगलाही काका न्यायाधीशच होते. हेलनबाईंनी त्यांना परत तेच विचारलं.

"येस, प्लीज!"

माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. काकांनी एका टेकमध्ये वाक्य म्हटलं. बाई खूश होऊन माझ्याकडे वळल्या, "आम्ही इथे ऑफिस उघडतोय. तुम्ही सांभाळाल का?"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो प्रश्न समोर उभा. आणि माझ्या तोंडून निघालं, "नो नो, मी कुठला एवढा मोठा!"

"ओके," म्हणत बाई निघाल्या.

न्यायाधीशाचा काळा झगा सावरत काका त्यांना आडवे गेले. "मॅडम, त्याला परत विचारा."

बाईंनी गोंधळून परत विचारलं.

"नाही, खरंच, उगाच तुम्हाला त्रास..."

काकांनी हातातला हातोडा टेबलावर आपटला.

"मॅडम, अजून एकदा!"