मायलिसच्या अर्जाची प्रत

हेर्नोसांड गावच्या सरकारी पूल मंडळात मायलिस आवक-जावक सांभाळायची. देशातल्या कुणीही उठावं आणि सरकारी कागद मागावा. तो मुकाट्याने द्यायचा, मागणाऱ्याला ना नाव विचारायचं ना कारण, असा तिथला कायदाच. इतक्या वर्षांत मायलिसने हा नेम कधी मोडला नव्हता.

सोमवारी शेजारच्या टेबलावरची सीव कॉफी आणायला गेली, म्हणून तिचा फोन मायलिसने उचलला. पलीकडे कुणाचा तरी श्वास अडकला. मग नाक दाबून काढलेला आवाज आला, “मायलिस एर्न या बाईंनी निवृत्ती पुढे ढकलायचा अर्ज केलाय का?”

मागे मायलिसच्याच घरचा कुत्रा भुंकत होता!

तिच्या नवऱ्याने, तूरेने, चाकांवरचं घर विकत घेतलं होतं. ती निवृत्त झाली की दुसऱ्याच दिवशी उत्तरेला निघायचं. तिने गुपचूप अर्ज केला होता, सांगायचा धीर मात्र होत नव्हता.

‘तूच ना रे?’ अगदी ओठांवर आलं. पण विचारावं तर कायदा मोडतो, माहिती नाकारावी तर लोकपाल कान धरणार.

“केलाय,” ती म्हणाली. “प्रत पोस्टाने पाठवू, की येताय?”

“येतो!” नाक सुटलं.

थोड्याच वेळात तूरे काउंटरपुढे हजर. भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. सीवने कॉफीच्या कपात तोंड खुपसलं.

त्याने अर्ज वाचला. “आणखी एक वर्ष? बाईंना नवरा आवडत नाही का हो?”

“आवडतो, असं ऐकून आहे. त्या चाकांवरच्या डब्याची धास्ती वाटते. चोवीस तास एकच माणूस, आणि तोही घोरणारा.”

“घोरणारा?” तो दुखावला. “निर्णय झालाय?”

“नाही. कुणालाही आपलं म्हणणं मांडता येतं.”

त्याने पेन मागून घेतलं, जीभ बाहेर काढून लिहिलं आणि कागद सरकवला: ‘बाईंना वर्षभर नोकरीत राहू द्यावं. मात्र अख्ख्या जुलैची रजा सक्तीची करावी. घोरणारा बाहेर तंबूत झोपेल.’

हसू आवरता आवरता मायलिसने आवकचा शिक्का मारला, तो निम्मा त्याच्या अंगठ्यावर उमटला.

“झालं!” सीव ओरडली. “आता तूरेही सरकारी कागद! मायलिस, घरी ने बाई याला, कुणी प्रत मागायच्या आत!”